पैदाशीची घोडी सवारीला घेतली: आठ महिन्यांच्या वापरानंतर

घोडी काठेवाडी वळणाची, उंची १४७ सेंमी, दातांवरून वय नऊ-दहा, तीन वेतं झालेली. फाल्गुनात व्यायलेली. शिंगरू सहा महिन्यांचं झाल्यावर आईपासून तोडलं आणि त्यानंतर दोन महिन्यांनी, कार्तिकात, मोहोळ तालुक्यातल्या एका गोठ्यातून ती घेतली. आठ महिन्यांत बहुतेक सवारी उजनीच्या कालव्याकडेच्या मुरमाच्या वाटेवर झाली. खरेदीच्या वेळी ज्या तपासण्या केल्या त्यातल्या कोणत्या खऱ्या ठरल्या आणि कोणत्या वाया गेल्या, हे आता सांगता येतं. अकलूजच्या बाजारात किंवा कुणाच्या शेतावर अशी घोडी पाहणार असाल तर हे वाचून जा.

सगळ्यात आधी गाभ. बाजारात लोक दात आणि पाय पाहतात आणि पोटाकडे दुर्लक्ष करतात, कारण "तीन वेतांचं पोट आहे, ओघळणारच" हे उत्तर तयार असतं. आता हिशेब पाहा. घोडी साधारण अकरा महिने गाभण असते आणि व्यायल्यावर सात ते दहा दिवसांत पुन्हा माजावर येते. पुष्कळ मालक त्याच माजावर घोडा दाखवतात. म्हणजे फाल्गुनात व्यायलेली घोडी कार्तिकात आठ महिन्यांची गाभण असू शकते आणि ते ओघळलेलं पोट खरं तर शिंगराचं असू शकतं. विकणारा "एकात दोन" म्हणून हे कौतुकानं सांगेल किंवा अजिबात सांगणार नाही. सवारीसाठी दोन्ही सारखंच वाईट, कारण वीण, दूध आणि शिंगरू तोडणं धरलं तर पुढचे आठ-नऊ महिने हातचे गेले. पशुवैद्याकडून हात घालून आणि सोनोग्राफीनं तपासणी करून घ्या, पैसे त्यानंतरच द्या. सोनोग्राफीत गाभ चौदा-सोळा दिवसांपासून दिसतो. म्हणून घोडी गेल्या पंधरवड्यात घोड्याजवळ बांधलेली असेल तर "नाही" या उत्तरावर विश्वास ठेवू नका, तीन आठवड्यांनी पुन्हा पाहा.

त्याच वेळी शेपूट उचलून पाहायला लाजू नका. योनीचे ओठ उभे आणि घट्ट मिटलेले हवेत. बऱ्याच वेतांच्या, अंगानं उतरलेल्या घोडीत गुदद्वार आत ओढलं जातं, ओठ आडवे कलतात, मग दुडकी चालताना हवा आत जाते आणि तसा आवाजही येतो. हवेबरोबर घाण जाते आणि गर्भाशयात पू होतो. शेपटीच्या केसांत किंवा मांड्यांच्या आतल्या बाजूला चिकट वाळलेलं काही दिसलं तर ती घोडी सोडा. अशी घोडी तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळताना चावते आणि खोड स्वभावाची म्हणून मार खाते. दुखणं मात्र आतलं असतं.

पाठीचा निर्णय सर्वांत अवघड होता आणि त्याच तपासणीचा पुढे सर्वाधिक उपयोग झाला. खोलगट पाठ दोन कारणांनी दिसते. एक, स्नायू गेलेत आणि पोटाचा भार खाली ओढतोय. हे कामानं भरून येतं. दोन, कणाच तसा आहे किंवा अस्थिबंध ढिले पडलेत. हे भरून येत नाही. फरक ओळखायचा तो असा: घोडी सपाट जमिनीवर चौरस उभी करा, तंगाच्या जागेच्या मागे पोटाच्या मध्यरेषेवर बोटांची टोकं हळूहळू दाबा. पाठ एकसारखी वर उचलली गेली आणि घोडीनं कान मागे टाकले नाहीत, तर स्नायूंचा प्रश्न. पाठ हललीच नाही, किंवा कण्याच्या दोन्ही बाजूंनी अंगठे फिरवताना एकाच जागी ती दबून खाली बसली, तर खरेदी थांबवा. खांद्याच्या उंचवट्यापासून पुठ्ठ्याच्या माथ्यापर्यंत दोरी ताणून खोली मोजून ठेवा. या घोडीची खोली ९ सेंमी होती, आता साडेसहा आहे. पोटाचा सर्वांत मोठा घेर १९६ वरून १८४ वर आला. हे आकडे पहिल्या दिवशी लिहून ठेवले नसते तर "बरी दिसतेय" यापलीकडे काही कळलं नसतं.

वजनाचा अंदाज टेपनं काढता येतो. छातीचा घेर गुणिले घेर गुणिले खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतची लांबी, सगळं सेंमीमध्ये, भागिले ११,८८०. घेर १६८ आणि लांबी १५० आली, म्हणजे सुमारे ३५६ किलो. तयार घोडीवर स्वार आणि खोगीर मिळून वजनाच्या वीस टक्क्यांपर्यंत ठीक, म्हणजे ७१ किलो. पैदाशीतून नुकत्याच आलेल्या घोडीला पंधरा टक्क्यांच्या वर जाऊ नये, म्हणजे ५३. खोगीर आणि नमदा (खोगिराखालची जाड घडी) धरून ९ किलो होतात. हिशेब सरळ आहे: मोठा माणूस पहिले दोन-तीन महिने बसत नाही. पहिले सहा आठवडे नुसतं हातात धरून चालवणं, त्यातलं निम्मं हलक्या चढावर, आणि पाच-सहा पावलं मागे सरकवण्याचा सराव. तिसऱ्या महिन्यापासून हलका स्वार, वीस मिनिटं, फक्त चाल. दुडकी त्यानंतर.

बिघडतं ते याच टप्प्यावर. दम चार-सहा आठवड्यांत सुधारतो, घोडी ताजीतवानी दिसते, स्वाराला वाटतं झाली तयार. कंडरा आणि हाडं मात्र कामाला सरावायला कित्येक महिने घेतात. पैदाशीच्या घोड्या तिसऱ्या-चौथ्या महिन्यात लंगडतात त्या यामुळे, आणि दोष विकणाऱ्यावर जातो. रोज सकाळी काम सुरू करण्याआधी चारही पायांच्या नळ्यांवरून (गुडघ्याखालच्या भागावरून) हात फिरवा. मागच्या बाजूला कालच्यापेक्षा गरम किंवा जाड लागलं तर त्या दिवशी सवारी नाही.

खुरात घोडीच्या बाळंतपणाचा इतिहास असतो. घोडीची वार तीन तासांत पडली नाही तर ती तातडीची बाब असते. वार अडकली की गर्भाशयात विष होतं आणि त्यातून खुरांचा दाह होतो. खूर बरं झालं तरी त्यावर वळं राहतं, पुढे अरुंद आणि टाचेकडे रुंद होत गेलेलं. खूर महिन्याला साधारण ८ ते १० मिमी वाढतं. म्हणजे केसांच्या रेषेपासून वळ्याचं अंतर मोजलं की आजार कधी झाला ते कळतं आणि ते शिंगराच्या वयाशी ताडून पाहता येतं. आठ महिन्यांपूर्वी व्यायलेल्या घोडीत ते वळं जवळजवळ जमिनीला टेकलेलं असतं. म्हणूनच खरेदीच्या आदल्या दिवशी नव्यानं कापून, कानशीनं घासून गुळगुळीत केलेली खुरं पाहून खूश होऊ नका. तळवा पाहा, पुढच्या बाजूला, खुराचं कवच आणि तळवा जुळतात तिथल्या पांढऱ्या रेषेची रुंदी पाहा.

सवारी आधी झालेली आहे का, हे विचारण्यापेक्षा पाहा. खांद्याच्या उंचवट्याच्या दोन्ही बाजूंना पांढरे केस असतील तर कधीतरी खोगीर लागलं आहे आणि चुकीचं लागलं आहे. ओठांचे कोपरे आणि दात नसलेली हिरडी बोटानं चाचपा. काटेरी कडियाळ्यानं (लगामाच्या तोंडातल्या लोखंडानं) झालेली गाठ तिथं लागते. लग्नाच्या वरातीत नाचवलेल्या घोडीत हे हमखास सापडतं, आणि अशी घोडी लगाम जरासा ताणला तरी पुढचे पाय उचलते.

लंगडणं तपासायला न सांगता, सकाळी लवकर, घोडी हलवण्याआधी जा. कडक जमिनीवर सैल दोरीनं सरळ दुडकी चालवा. पुढचा पाय दुखत असेल तर चांगला पाय टेकताना मान खाली जाते. मग दोन्ही बाजूंनी लहान वर्तुळ. दुखणं दाबायचं इंजेक्शन दिलेलं असू शकतं, म्हणून एकतर खरेदीच्या दिवशी पशुवैद्याकडून रक्त काढून ठेवा, नाहीतर चार-पाच दिवसांनी दुसऱ्यांदा पाहा. रक्त काढतच असाल तर ग्लँडर्स आणि सर्रा या घोड्यांच्या दोन संसर्गजन्य रोगांची तपासणी करून घ्या. ग्लँडर्स माणसालाही होतो आणि त्यावर घोड्याला वाचवण्याचा मार्ग नाही.

वाया गेलेली तपासणी एकच: अंगावरचे केसांचे भोवरे, ज्यांवरून घोडी शुभ की अशुभ ठरवतात. दलालानं त्यावर अर्धा तास घालवला. आठ महिन्यांत भोवऱ्यांचा सवारीशी काहीही संबंध दिसला नाही. "खोडी"च्या भोवऱ्यामुळे घोडी स्वस्त मिळत असेल तर बिनधास्त घ्या.

चाऱ्याबद्दल सोलापूरकरांनी खास काळजी घ्यावी. उसाची वाढी आणि हत्तीगवत फुकट किंवा स्वस्त मिळतं, पण दोन्हींत ऑक्झलेट असतं आणि ते चाऱ्यातलं कॅल्शियम बांधून ठेवतं. वर गव्हाचा कोंडा भरपूर घातला की फॉस्फरस वाढतो. दूध पाजून आधीच रिकाम्या झालेल्या घोडीच्या हाडांतून कॅल्शियम निघायला लागतं, जबड्याची हाडं फुगतात, पाय बदलून बदलून लंगडणं सुरू होतं. या घोडीला रोज सहा-सात किलो ज्वारीच्या कडब्याची कुट्टी, दोन किलो वाळवलेला लसूणघास, थोडे भिजवलेले हरभरे आणि मूठभर मीठ एवढ्यावर ठेवलं. कडबा पक्क्या ज्वारीचाच घ्या. पाण्याचा ताण पडलेली कोवळी ज्वारी विषारी असते.

खोगीर दोनदा बदलावं लागलं, हा खर्च आधीच धरा. खोलगट पाठीला बेताचं बसलेलं खोगीर चौथ्या महिन्यात स्नायू भरल्यावर चिमटायला लागलं. घाम पुसण्याआधी नमद्याखाली पाहिलं तेव्हा दोन कोरडे ठिपके दिसले, तोच इशारा. पोट सुटलेलं असताना खोगीर पुढे सरकत होतं, तेव्हा दुमची (खोगिरापासून शेपटीखाली नेलेला पट्टा) लावली. आता तिची गरज नाही.

माज दर एकवीस दिवसांनी, पाच-सात दिवस. चैत्रापासून स्पष्ट दिसला. त्या दिवसांत बगलेला टाच लागली तर घोडी किंचाळते, म्हणून तारखा लिहून तेव्हा फक्त सरळ वाटेवर चाल. एप्रिल-मेमध्ये सवारी सूर्योदयाआधी सुरू करून साडेसातला बंद.

आजची स्थिती: स्वार आणि खोगीर मिळून पासष्ट-सत्तर किलो घेऊन तासभर चाल-दुडकी आरामात, मंद दौड दहा मिनिटं, दर पाच-सहा आठवड्यांनी नालबंद. मागच्या उजव्या पायाचा ताठरपणा मात्र तसाच आहे. पहिल्या भेटीत उजव्या लहान वर्तुळात तो पाय आत न येता बाहेर फिरत होता, दुसऱ्या भेटीतही फिरला. तेव्हा तो कामानं जाईल असं धरलं होतं. उजवीकडची दौड अजून नीट उचलत नाही, आणि पशुवैद्याच्या मते कटीजवळचा तो सांधा जुन्या वीणीतच दुखावलेला आहे.