मोठ्या आतड्याचा कॅन्सर: दुर्बीण आणि रोबोट, काही महिने दोन्ही वापरल्यानंतर

उजव्या बाजूच्या कोलनला (मोठ्या आतड्याला) रोबोट खरंच उपयोगी पडतो. सिग्मॉइडला, म्हणजे कोलनच्या गुदाशयाआधीच्या शेवटच्या भागाला, दुर्बीण पुरते, तिथे रोबोट बहुतेक वेळा हौसेचा मामला. कॅन्सर परतण्याचं म्हणाल, तर अमेरिकेतल्या ‘कॉस्ट’ चाचणीने 2004 मध्येच 872 रुग्णांवरून पोट उघडून केलेली आणि दुर्बिणीची शस्त्रक्रिया सारखीच ठरवली: 3 वर्षांत कॅन्सर परतण्याचं प्रमाण 18 आणि 16 टक्के. कोलनमध्ये रोबोटमुळे आयुष्य वाढतं असं सिद्ध झालेलं नाही. त्यामुळे इथे तुलना आहे ती टाके, वेळ आणि खर्च यांची.

फरक पडतो तो जोडात, म्हणजे कॅन्सरचा तुकडा काढल्यावर आतड्याची दोन टोकं जोडण्यात. उजवं कोलन काढल्यावर दुर्बिणीवाले बरेचदा आतडं मधल्या चिरेतून बाहेर ओढून जोडतात. पेशंट जाड आणि मेसेंटरी (आतड्याला धरून ठेवणारा, रक्तवाहिन्यांचा पडदा) आखूड असली की या ओढाताणीत ती फाटते आणि रक्त येतं. मधल्या चिरेत पुढे हर्नियाही जास्त होतो. जोड पोटातच केला तर तुकडा सिझेरियनसारख्या खालच्या आडव्या चिरेतून निघतो. दुर्बिणीच्या सरळ दांड्यांनी हे शिवता येतं, पण त्याला मुरलेला हात लागतो. रोबोटचं मनगट वळतं, म्हणून नवशिक्यालाही जमतं.

पोटातला जोड असा: लहान आतडं आणि ट्रान्सव्हर्स (आडवं) कोलन शेजारी ठेवून आधाराचा एक टाका घ्यायचा, दोन्हींना छोटी भोकं पाडायची, 60 मिमीचा स्टेपलर मारायचा आणि उरलेलं तोंड 3-0 काटेरी धाग्याने दोन थरांत शिवायचं. गळती बहुधा कोपऱ्यातून होते, म्हणून पहिला टाका कोपऱ्याच्या थोडा पलीकडून घ्यावा. धाग्याचं शेपूट लांब ठेवलं तर त्यात लहान आतडं अडकून अडथळा होऊ शकतो; अगदी जवळून कापा. स्टेपलर मारण्याआधी मेसेंटरीची कड मुळापर्यंत बघा, आतड्याला पीळ पडला असेल तर तो तिथेच दिसतो.

दा विंची एक्सआय या रोबोटचे पोर्ट (हत्यारं पोटात घालायच्या नळ्या) 8 मिमीचे असतात, पण स्टेपलरसाठी एक 12 मिमीचा लागतो. पोर्टमध्ये 6 ते 8 सेंमी अंतर सोडा, नाहीतर रोबोटचे हात एकमेकांवर आपटतात. डोकं खाली आणि डावी बाजू खाली हा कल डॉकिंगच्या (रोबोटचे हात पोर्टना जोडण्याच्या) आधीच द्या. टेबल यंत्राला जोडलेलं नसेल तर नंतर ते हलवता येत नाही. आणि सर्जनच्या हाताला काहीच जाणवत नाही (नव्या दा विंची 5 मध्ये ही सोय आली आहे), हे पचायला वेळ लागतो. धागा तटकन तुटतो, आतड्याची भिंत चिरडते. आतडं धरायचं तर त्याच्या चरबीला धरावं. गाठ लहान असेल तर कोलोनोस्कोपीच्या वेळीच शाईची खूण करून घ्या. त्यावाचून दुर्बिणीतही चाचपडायला होतं.

रक्तस्राव नेहमीचा कुठून? स्वादुपिंडाजवळच्या हेन्लेच्या शिरेतून. ट्रान्सव्हर्स मेसोकोलन (आडव्या कोलनची मेसेंटरी) जोरात वर ओढलं की तिची फांदी मुळापासून सुटते. रक्त येतंय तिथे दाबून धरलेला रोबोटचा हात जागेवर ठेवायचा, बाकीचे काढायचे, मग पोट उघडायचं. या क्रमाची तालीम सिस्टरसह सगळ्यांनी आधी करावी, कारण सर्जन कन्सोलवर (रोबोट चालवायच्या यंत्रावर), टेबलापासून दूर बसलेला असतो.

सिग्मॉइडला जोड गुदद्वारातून घातलेल्या गोल स्टेपलरने होतो. शिवण जवळजवळ नाहीच, मग मनगटाचा फायदा कसला? रक्तपुरवठा पाहायची आयसीजी या हिरव्या रंगद्रव्याची तपासणी चांगल्या दुर्बिणीतही मिळते. 25 मिग्रॅची कुपी 10 मिली निर्जंतुक पाण्यात विरघळवा, सलाइनमध्ये नको. त्यातले 3 मिली शिरेतून दिले की साधारण मिनिटाभरात आतडं उजळतं. उशीर झाला तर रंग शेजारून झिरपून फसवतो.

खर्चाचं गणित हत्यारांवर ठरतं. दा विंचीच्या हत्यारात वापराची मोजणी असते: आधी मर्यादा 10 वेळांची होती, पुढे काहींची 12 ते 18 झाली. मोजणी संपली की धार शाबूत असली तरी यंत्र ते हत्यार घेत नाही. भारतात बनलेला ‘एसएसआय मंत्रा’ हा रोबोटही आता बाजारात आहे. विम्याबाबत, आयआरडीएआय या विमा नियामकाच्या 2019 च्या नियमांनी रोबोटिक शस्त्रक्रिया पॉलिसीतून सरसकट वगळायला मनाई केली, मात्र कंपनीला तिच्यासाठी रकमेची वेगळी मर्यादा घालायची मुभा दिली. ती मर्यादा भरती होण्याआधी लेखी विचारून घ्या.