नर्सला सेवामुक्त करताना: कपात की संमतीचा करार?

नाशिकमधले एखादे खाजगी रुग्णालय वॉर्ड बंद करते, तेव्हा मार्ग दोनच: कपात, म्हणजे रुग्णालयाने स्वतःहून नर्सला नोकरीवरून कमी करणे, किंवा दोघांच्या संमतीने सेवा संपवण्याचा करार. कपात केली तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार. ही भरपाई कपातीच्या वेळीच हातात पडली पाहिजे. "पुढच्या महिन्यात चेक देतो" म्हटले की कपातच अडचणीत येते. त्या श्रेणीत शेवटी लागलेली नर्स आधी जाते, हा क्रम मोडायचा तर कारण लेखी हवे.

संमतीच्या करारात रक्कम बोलून ठरवता येते, वादही कमी. पण धोका इथेच जास्त. "सर्व हक्क सोडले" या एका ओळीने ग्रॅच्युइटी बुडत नाही. समजा, महिन्याचा मूळ पगार व महागाई भत्ता मिळून 18,200 रुपये, सेवा 8 वर्षे, तर ग्रॅच्युइटी: 18,200 भागिले 26, गुणिले 15, गुणिले 8, म्हणजे 84,000 रुपये. हा आकडा करारात वेगळा लिहा. थकीत पगार, रजेचे पैसे आणि जादा रक्कमही वेगवेगळ्या ओळींत. "शहरात दुसरीकडे नोकरी करणार नाही" हे कलम टिकत नाही, ते घालूच नका. नर्सिंग कौन्सिलचे मूळ नोंदणी प्रमाणपत्र सहीआधीच परत द्या. कागद अडकवून घेतलेली सही दबावाखालची ठरू शकते.

मसुदा मराठीत द्या, वाचायला निदान आठवडा द्या. नाइट ड्युटी संपताना, थकलेल्या बाईसमोर कागद सरकवणे चूकच आहे. नर्स खरोखर राजी असेल तरच करार. नाहीतर सरळ कपात करावी.