व्हॉल्व्हला रंग: पाचपैकी साडेतीन

स्विफ्टला ब्रॉन्झ रंगाची अलॉय चाकं बसवली आणि त्यातले हवा भरायचे काळे रबरी व्हॉल्व्ह डोळ्यांत खुपायला लागले. बायको म्हणाली, "ते बघायला खाली वाकतंय कोण?" मी वाकतो ना!

कुर्ल्याला सीएसटी रोडवरच्या एका दुकानात चारही रंगवून घेतले, तीनशे रुपयांत. पोराचा हात नीटस. टोप्या काढल्या, तोंडावर आणि आट्यांवर चिकटपट्टी, स्पिरिटने पुसून स्प्रेचे दोन पातळ हात. आट्यांवर रंग बसला की टोपी नीट फिरत नाही, हे त्याला सांगावं लागलं नाही. छटाही तंतोतंत जुळली.

पण रबरावर साधा स्प्रे! हवा भरताना दांडा वाकतो, रंग वाकत नाही. दुसऱ्याच खेपेला बुडाशी पापुद्रे सुटले. पंपावरचा विचारतो, "साहेब, गंज लागलाय का?" रबराला गंज!

परत गेलो. मालकाने वाद न घालता तीनशे वळते केले आणि नटाने बसणारे धातूचे व्हॉल्व्ह सुचवले. ते आधी रंगवून, वाळवून मग बसवायचे. त्यासाठी टायरची कड रिमवरून सोडवावी लागते, पुन्हा बॅलन्सिंग आलंच, म्हणजे खर्च. पण आता पावसाळा उलटला तरी रंग जागेवर आहे.

टोप्या मात्र प्लास्टिकच्याच ठेवल्या. पितळी आट्यांवर ॲल्युमिनियमची टोपी आमच्या दादरच्या खाऱ्या हवेत अशी धरते की पकडीनेच निघते. मागच्या गाडीचा अनुभव.

दीड तारा कापला तो पहिल्या खेपेचा.