स्कायरिम: लीजन की स्टॉर्मक्लोक?

स्कायरिम या व्हिडिओ गेममधल्या यादवी युद्धात साम्राज्याची फौज लीजन आणि बंडखोर स्टॉर्मक्लोक यांपैकी एक पक्ष निवडता येतो. भरतीपासूनच दोन्ही वाटा वेगळ्या. सॉलिट्यूडच्या कॅसल डाउरमध्ये लीजनची अधिकारी लेगेट रिकेशी बोललात, की फोर्ट ह्रॅगस्टॅडमधले दरोडेखोर साफ करायचे. सोपं काम. विंडहेल्ममध्ये स्टॉर्मक्लोकचा सेनानी गाल्मार मात्र उत्तरेच्या समुद्रातल्या सर्पंटस्टोन बेटावर धाडतो, एक आइस रेथ (बर्फाचा उडता जीव) मारायला. तो जवळपास पारदर्शक असतो, बर्फात नजरेला सापडत नाही. थंडीच्या मंत्राचा त्याच्यावर शून्य परिणाम. तिथे अडकणारे बहुतेक इथेच चुकतात. सुरुवातीपासून हाती असलेला फ्लेम्स मंत्र पुरे.

पुढे कोरवनजुंडच्या थडग्यातला जॅग्ड क्राउन हा प्राचीन मुकुट मिळाल्यावर तो थेट शत्रूला नेऊन दिला, तर पक्ष बदलतो. फितुरीची ही शेवटची संधी, म्हणून त्याआधी वेगळा सेव्ह ठेवा.

खरा फरक व्हाइटरन शहराच्या लढाईत. लीजनकडून शहर राखता आणि तिथला शासक बाल्ग्रूफ गादीवर राहतो. स्टॉर्मक्लोककडून लढलात तर त्याच्या जागी विग्नार येतो आणि बाल्ग्रूफ सॉलिट्यूडच्या राजवाड्यात आश्रिताचं जिणं जगतो. इतका सरळ माणूस गमवायचा नसेल तर लीजनच बरी.

दोन्ही पक्षांच्या तहाची लांबलचक बैठक नको असेल, तर मुख्य कथेतल्या ड्रॅगन पकडायच्या मोहिमेआधी युद्ध संपवा. पक्ष कुठलाही असो.