वाघोलीच्या निळ्या फुलांपायी गेलेले ६७,५०० रुपये

आकडा आधीच सांगते, लपवण्यात आता अर्थ उरलेला नाही. ६७,५०० रुपये. त्यातले ४०,००० माझ्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून दिलेले, शाळेत खडक आणि खनिजांचं कपाट व्हावं म्हणून. उरलेले २७,५०० माझे. मी एकवीस वर्षं भूगोल शिकवते. काळ्या पाषाणाच्या पोकळीत स्फटिक कसे वाढतात याची आकृती दरवर्षी फळ्यावर काढते. आणि मलाच गोंदाने चिकटवलेले दगड विकले गेले. शाळेत ही गोष्ट पंधरा दिवस मी कुणाला सांगितली नाही. आता सांगतेय, कारण तो माणूस अजून विकतोय याची मला खात्री आहे.

ज्यांना दगड जमवण्याचा नाद आहे त्यांना वाघोली म्हणजे काय ते सांगायला नको. पुण्याजवळच्या तिथल्या दगडखाणींतून कॅव्हन्साइट हे खनिज निघालं, मोरपिशी निळ्या रंगाचे बारीक सुयांचे गुच्छ, स्टिलबाइट नावाच्या दुसऱ्या पांढऱ्या खनिजावर फुलासारखे बसलेले. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट यांच्या आद्याक्षरांवरून त्याचं नाव पडलं. पहिल्यांदा ते १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या ओरेगनला सापडलं, पण जगभरच्या संग्रहांत दिसणारे ठसठशीत नमुने आपल्या वाघोलीचे. खडी फोडणाऱ्या माणसांनी सुरुंगानंतर डबरातून वेचलेले. राहुरीजवळच्या मोमीन आखाड्याच्या विहिरीतलं अ‍ॅपोफिलाइट नावाचं हिरवं खनिज, जळगावकडचे दगड, नाशिकचे दगड, हे सगळं आपल्या पायाखालचं आहे आणि आपल्या एकाही शाळेत नाही. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात मी मुलांना दोनदा नेलं होतं. परतताना एसटीत एक मुलगी म्हणाली, "बाई, आपल्या शाळेत एक तरी निळा असता." तिथून हे सगळं सुरू झालं. हौस म्हणून पैसे उडवले असं कुणी म्हणू नये, एवढ्यासाठी हे लिहितेय.

त्या माणसाचा नंबर मला दगड जमवणाऱ्या एका ओळखीच्या गृहस्थांकडून मिळाला. त्यांनी त्याच्याकडून स्वतः काही घेतलेलं नव्हतं, हे मला नंतर कळलं. नंबर देणाऱ्याला आधी विचारा, तुम्ही याच्याकडून काय घेतलं आणि ते दाखवता का. मी विचारलं नाही.

पुढचं तुमच्या ओळखीचं आहे. पहिला तुकडा खरा. अंगठ्याच्या पेराएवढा, एकच गुच्छ, २,५०० रुपये. मी तो भिंगाखाली पाहिला, घरी आणून पाण्यात धुतला, ब्रशने घासला. अस्सल. महिनाभर तो मला फोटो पाठवत राहिला. विकायची घाई कधी दाखवली नाही, चार दगडांची नावं माझ्याकडूनच विचारून घेतली. "ताई, तुमच्यासारखं कुणी सांगत नाही आम्हाला," म्हणाला. त्याला शिकवताना मला बरं वाटत होतं.

मग फोन आला की मोठा पीस निघालाय. तेव्हा मी बोलता बोलता सांगून टाकलं की शाळेकडे ४०,००० जमलेत. तीन दिवसांनी त्या पीसची किंमत त्याने ५५,००० सांगितली आणि घासाघीस होऊन ती बरोबर ४०,००० वर आली. मला वाटलं मी किंमत पाडली. आपल्या हातात किती आहे हे विकणाऱ्याला कधीही सांगू नका.

खाणपट्ट्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका टपरीमागची पत्र्याची खोली. दुपारचे साडेतीन, बाहेर लख्ख ऊन, आणि आत ट्यूबलाइट. दगड उन्हात नेऊन बघते म्हटलं तर म्हणाला, बाहेर लोक बघतात, खाणीवाल्याला कळलं तर माझं कठीण होईल. हे मी मान्य केलं, कारण अशा मालाचे व्यवहार उघड्यावर होत नाहीत हे मी ऐकून होते. दगड साधारण वीत-सव्वा वीत. पांढऱ्या-गुलाबीसर स्टिलबाइटची चादर आणि तिच्यावर सात निळी फुलं.

सातातलं सहावं फूल कडेला होतं. मी ते बघितलं. त्या क्षणाबद्दल मला गेले काही महिने झोप नाही. ते फूल स्टिलबाइटवर बसलेलं नव्हतं, ते करड्या, ताज्या फुटलेल्या कडेवर बसलं होतं. कुणी घण मारला की दगडाची आतली बाजू उघडी पडते ना, तिच्यावर. लाव्हा थिजताना वायूचे बुडबुडे अडकतात, त्यांच्या पोकळ्या होतात, पुढे त्यांत क्षार विरघळलेलं पाणी झिरपतं आणि पोकळीच्या आतल्या भिंतीवर स्फटिक वाढतात. स्फटिक वाढणार ते पोकळीत. आज सकाळी घणाने पडलेल्या तडीवर साडेसहा कोटी वर्षांच्या दगडातलं फूल कसं उगवेल? हे मी आठवीच्या मुलाला विचारलं तर तो सांगेल.

मी विचारलंसुद्धा. "हे इथे कसं?" तो म्हणाला, "तिथं लागून दुसरी पोकळी होती ताई, फोडताना अर्धी गेली." आणि मी मनातल्या मनात त्याचं उत्तर त्याच्यापेक्षा चांगलं मांडलं. हो, एकाला लागून एक पोकळ्या असतात, मधला पडदा पातळ असतो, तो तुटला असेल. मला येत होतं तेवढं सगळं ज्ञान मी त्याच्या बाजूने वापरलं. बोट फिरवून बघितलं असतं तरी कळलं असतं, कारण पोकळीची भिंत गुळगुळीत किंवा बारीक स्फटिकांची लागते आणि फुटलेली कड हाताला चरचरते. माझं बोट त्या कडेपासून दोन इंचांवर होतं.

"मुंबईची पार्टी उद्या सकाळी येतेय," तो म्हणाला. "तुम्ही लेकरांसाठी नेताय म्हणून थांबलोय." मी मोबाइल काढला. पैसे ज्या नावावर चालले होते ते नाव वेगळंच, एका बाईचं होतं. "घरच्यांचं खातं आहे." मी पिन टाकला.

त्यानंतर दहा दिवसांनी २५,००० चे आणखी चार दगड घेतले, माझ्या पैशांनी. हे सांगायला सगळ्यात जड जातंय. दोन ओकेनाइटच्या वाट्या, एक निळी आणि एक गुलाबी. एक छोटा निळा तुकडा, तो म्हणे पेंटागोनाइट, कॅव्हन्साइटचंच रासायनिक घटन पण रचना वेगळी आणि मिळायला दुर्मीळ. आणि एक हिरवं अ‍ॅपोफिलाइट. ओकेनाइट म्हणजे कापसाच्या बोंडासारखे पांढरे मऊ गोळे. पांढरे. पुस्तकात पांढरे, संग्रहालयात पांढरे. तो म्हणाला नवीन खाण लागलीय, तिथे पाण्यात मँगनीज आहे म्हणून गुलाबी येतं. मँगनीजमुळे काही खनिजं खरोखर गुलाबी असतात, म्हणून मी गप्प बसले. रंगीत ओकेनाइट कुणी दाखवलं तर ते रंगवलेलं आहे असंच धरून चाला.

वर त्याने बजावलं होतं, पाणी लावू नका, रंग उतरतो. इथे मी स्वतःची बाजू मांडणारच. ओकेनाइटला पाणी लागलं की त्याचे तंतू एकमेकांना चिकटून बसतात आणि नमुना जातो, हे खरं आहे. खऱ्याच्या पोटात त्याने खोटं घातलं. कॅव्हन्साइटला पाण्याने काहीही होत नाही, माझा पहिला तुकडा मी स्वतः धुतला होता. पण एक गोष्ट बरोबर सांगणारा माणूस दुसरी चुकीची सांगेल असं डोक्यात आलं नाही.

कपाटात मांडायच्या आदल्या दिवशी प्रयोगशाळेत मोठ्या दगडावरची धूळ काढायला मी ओला ब्रश फिरवला. सहावं फूलच निघून आलं. खाली दुधी, कडक पापुद्रा. शेजारी नववीच्या दोन मुली उभ्या होत्या. त्यांनी काही विचारलं नाही.

किराणा दुकानातून नोटा तपासायची जांभळ्या उजेडाची बॅटरी आणली आणि खोलीत अंधार केला. सातपैकी पाच फुलांच्या बुडाशी निळसर पांढरी कडी उजळली. काही खनिजं या उजेडात स्वतःही चमकतात, तेव्हा नुसती चमक पाहून घाबरू नका. चमकीचा आकार बघा. फुलाच्या बुडाभोवती ओघळल्यासारखी कडी असेल तर तो गोंद आहे. नेलपॉलिश काढायचं अ‍ॅसिटोन कापसावर घेऊन लावलं तर फेविक्विकसारखा गोंद सैल होतो. माझी आणखी दोन फुलं अशी हातात आली. गुलाबी ओकेनाइटच्या कडेला ओला कापूस टेकवला, कापूस गुलाबी. अ‍ॅपोफिलाइट खरं, पण त्याचं टोक दुसऱ्याच स्फटिकाचं, जोडलेलं. फूल खरं, दगड खरा, फक्त दोन्ही कधी एकत्र नव्हते. अशी बनवाबनवी काचेच्या नकलेपेक्षा ओळखायला अवघड असते, कारण कठीणपणा तपासा, कस तपासा, सगळं बरोबरच येतं.

फोन लावला, बंद. टपरीवाला म्हणाला ती खोली भाड्याची, माणूस ओळखीचा नाही.

आता पुढचं. ठाण्यात गेले तर अंमलदारांनी दगड हातात घेतला, उलटापालटा केला आणि विचारलं, "मॅडम, दगडाला चाळीस हजार कुणी देतं का?" मागे बसलेले दोघं हसले. मी कॅव्हन्साइट म्हणजे काय हे सांगायला लागले तर म्हणाले, तुम्हाला वस्तू मिळाली, पसंत करून घेतली, ही दिवाणी बाब आहे, वकील करा. फसवून पैसे काढणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली गुन्हा आहे, पूर्वीचं ४२० तेच. मी ते कागदावर लिहून नेलं होतं. मग हद्दीचा मुद्दा निघाला, पैसे जिथं दिले तिथं जा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, कुठल्याही ठाण्याला माहिती नोंदवून घ्यावी लागते. हे म्हटल्यावर, "मग तुम्हीच तपास करा." दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, साहेब बंदोबस्तावर. तिसऱ्या दिवशी अडीच तास बाकावर बसवून अदखलपात्र नोंदीचा कागद हातात दिला. त्यावर मालाचं वर्णन काय, तर "रंगीत दगड नग ५". बस. सात फुलं नाहीत, गोंद नाही, बॅटरीखाली काय दिसलं ते नाही.

१९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला. तिथली मुलगी नीट बोलली, क्रमांकही दिला, पण मी उशिरा फोन केला होता आणि खात्यातले पैसे काढले गेले होते. हा फोन पहिल्या काही तासांत करायचा असतो. बँकेने सांगितलं पिन तुम्ही स्वतः टाकलात. त्या बाईच्या नावावरच्या खात्याची माहिती मला मिळणार नाही, पोलिसांनी मागितली तर देऊ. पोलीस म्हणतात ही दिवाणी बाब. कुणीतरी तहसीलला जायला सांगितलं, गौण खनिजाचं तिथे बघतात म्हणून. तिथल्या कारकुनाने मलाच विचारलं, या दगडांची स्वामित्वधनाची, म्हणजे रॉयल्टीची, पावती कुठे आहे? फसलेल्या बाईकडे पावती मागतात, आणि पत्र्याच्या खोलीतून पोत्याने माल विकणाऱ्याला विचारायला कुणी जात नाही! ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही आणि दोन वर्षांची मुदत आहे, म्हणून अर्ज लिहिला. पण नोटीस पाठवायला पत्ता लागतो, आणि माझ्याकडे एक पहिलं नाव आणि एक बंद नंबर आहे. अर्ज अजून घरात पडून आहे. बिल न देणाऱ्याकडून काही घेऊ नका. बिल नसेल तर आधारकार्ड हातात धरलेल्या त्याच माणसाचा, त्याच दगडासोबतचा फोटो घ्या. त्याला राग आला तर उठून या.

ठाण्याने गुन्हा नोंदवला नाही तर जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवता येतं, त्याच कलम १७३ मध्ये ते आहे. मी रजिस्टर पोस्टाने पाठवलं, सोबत अंधारात काढलेले नऊ फोटो. पोच आली. त्यालाही दोन महिने झाले.

दगड घ्यायला जाल तर दिवसा, उन्हात, दहा पटीचं भिंग घेऊन जा आणि आधी पुढची बाजू बघूच नका, कडा आणि मागची बाजू बघा. विकणाऱ्याने बुडाला कागद किंवा मातीचा लेप लावलेला असेल तर तो त्याच्यासमोर काढा. एकाच दगडावर सगळी फुलं सारख्या आकाराची, सारख्या अंतरावर, सगळी वर तोंड करून बसलेली असतील तर थांबा, पोकळीत ती कशीही वाढतात, काही आडवी, काही अर्धवट स्टिलबाइटखाली दबलेली. माझ्या दगडावरची दोन खरी फुलं तशीच आहेत, एक तर जवळजवळ झाकलेलं. त्यांच्याकडे मी त्या दिवशी पाहिलंसुद्धा नव्हतं.

माजी विद्यार्थ्यांच्या मंडळाला मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, बाई, राहू द्या. मी राहू देणार नाही, दरमहा ५,००० प्रमाणे आठ हप्त्यांत पैसे भरतेय, तीन झाले. कपाटात सध्या २,५०० चा पहिला तुकडा ठेवलाय, तो मुलांना दिसतो. बाकीचे पाच दगड आणि सुटून आलेली तीन फुलं एका पेटीत, प्रत्येक वेगळ्या पुडीत, तारखेसह. पंचनाम्याला लागतील म्हणून ठेवलीत. पंचनाम्याला अजून कुणी आलेलं नाही.