मोठ्या टाइपातील पवित्र शास्त्र : वर्षभराच्या वापरानंतर

पतीच्या डायलिसिससाठी आठवड्यातून तीनदा रुग्णालयात चार-चार तास बसावे लागत असल्याने मोठ्या टाइपातील मराठी पवित्र शास्त्र (बायबल) विकत घेतले. अक्षरे ठसठशीत असून मंद प्रकाशातही डोळ्यांना ताण पडत नाही. कागद मात्र इतका पातळ आहे की शाईची खूण मागच्या पानावर उमटते, म्हणून पेन्सिलच वापरावी.

खरा उपयोग झाला तो स्तोत्रसंहिता या त्यातील प्रार्थनागीतांच्या पुस्तकातील १५० स्तोत्रांचा. उपासनेत सहसा धीर देणारे २३वे स्तोत्रच कानी पडते. परंतु ८८वे स्तोत्र, ज्याचा शेवट कोणत्याही दिलाशाविना अंधारातच होतो, तेही प्रार्थना म्हणूनच या ग्रंथात ठेवलेले आहे, हे मला पन्नाशी उलटल्यावर उमगले. तोवर माझी श्रद्धा बहुधा माहेरून आलेली, सवयीचीच होती. देवाजवळ तक्रार करण्याची मुभा आहे हे कळल्यावर रोज एक स्तोत्र वाचण्याचा नेम धरला, आणि पतीची प्रकृती ढासळली त्या दिवसांतही तो मोडला नाही. वाचनखुणेच्या फिती दोन असत्या, तर नव्या करारात, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागात, औषधाची चिठ्ठी घालून ठेवावी लागली नसती.