स्विच तोच, पॉवर सप्लाय नवा: काही महिन्यांच्या वापरानंतर

२४ पोर्टांच्या गिगाबिट नेटवर्क स्विचमधला (संगणक वगैरे यंत्रं केबलने एकमेकांना जोडणारी पेटी) मूळ पॉवर सप्लाय काढून मी त्या जागी मीन वेल कंपनीचा एलआरएस-५०-१२ हा १२ व्होल्टचा तयार सप्लाय बसवला, त्याला आता बरेच महिने झाले. तेव्हापासून स्विच एकदाही आपोआप रीस्टार्ट झालेला नाही. मध्ये उन्हाळा येऊन गेला, वीज कितीतरी वेळा गेली-आली, आणि दर वेळी स्विच लगेच उठला. या लगेच उठण्याचं मला सगळ्यात समाधान आहे, कारण दुखणं तिथूनच सुरू झालं होतं.

वर्षानुवर्षं बिनतक्रार चाललेला हा स्विच वीज जाऊन आली की सुरूच होईना. सगळे दिवे एकदम लागत, विझत, पुन्हा लागत. बराच वेळ असं चालल्यावर एकदाचा तो उठे. पुढे चालू असतानाही सगळी पोर्ट एकदम पडून परत येऊ लागली. एखादंच पोर्ट जात असेल तर केबल, समोरचं यंत्र किंवा ते पोर्ट तपासावं. सगळी एका क्षणी जात असतील तर संशय आधी पॉवर सप्लायवर घ्यावा. सप्लायकडून मेन बोर्डला जाणारी पिन (कनेक्टर) काढून मोजलं तर १२ व्होल्ट अगदी बरोबर दिसत होते. पिन लावली की तेच ९ च्या आसपास उतरत. म्हणून बिनलोडच्या मोजणीवर विसंबून सप्लायला निर्दोष ठरवू नये.

झाकण काढल्यावर आउटपुटच्या बाजूचे दोन कपॅसिटर (वीज साठवून व्होल्टेज स्थिर ठेवणारे भाग) वरून फुगलेले दिसले. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उष्णतेने आतून सुकत जातो, त्याचा अंतर्गत रोध वाढतो, त्या रोधामुळे तो आणखी तापतो. तापमान १० अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा ढोबळ हिशोब आहे. त्यात मेन बोर्डवरचे कन्व्हर्टर १२ व्होल्टपासून चिपना लागणारे कमी व्होल्टेज तयार करतात आणि त्यांना लागणारी पॉवर ठरलेली असते. व्होल्टेज उतरलं की ते जास्त करंट ओढतात. आजारी सप्लायवर त्याच वेळी जास्त भार येतो. सुरू होण्याची ती धडपड यातूनच होत होती.

नुसते कपॅसिटर बदलूनही हे काम होतं, आणि हात बसलेला असेल तर तो मार्ग चांगलाच आहे. माझ्या सप्लायचा बोर्ड मात्र गरम भागांभोवती तपकिरी पडला होता. बाकीचे भागही तितकीच वर्षं तापलेले. त्यांच्यावर भरवसा ठेवावासा वाटला नाही.

जुन्या सप्लायवर १२ व्होल्ट, ३ अँपियर असं छापलेलं होतं. नवा ४.२ अँपियरचा आहे. व्होल्टेज तंतोतंत तेच हवं, करंटची क्षमता मात्र जास्त असलेली उत्तम, कारण स्विच लागेल तेवढाच करंट घेतो. सगळी पोर्ट चालू असताना माझा स्विच दीड अँपियरच्या आतच राहतो. सप्लायची उंची ३० मिलिमीटर, त्यामुळे एक यू (रॅकमधल्या एका खणाची उंची, सुमारे ४४ मिलिमीटर) उंचीच्या पेटीत तो आरामात मावला. भोकं जुळत नव्हती. मेन बोर्ड पूर्ण बाहेर काढून नवी पाडली आणि धातूचा प्रत्येक कण झटकून काढला.

इथे एक कळकळीची सूचना. २३० व्होल्टच्या सप्लायमध्ये आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ टिकू शकतात. थांबावं, मीटरने मोजावं, मगच हात घालावा. आणि मेन लाइनच्या वायरिंगचा सराव नसेल तर हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावं.

दुसरी गोष्ट अर्थिंगची. पिवळी-हिरवी वायर लग (वायरच्या टोकाला दाबून बसवायची धातूची कडी) लावून, दातेरी वॉशरसह, रंग खरवडलेल्या पत्र्यावर घट्ट आवळली. सप्लायच्या इनपुट फिल्टरमधले छोटे कपॅसिटर अर्थला जोडलेले असतात. अर्थ सुटला तर पेटीवर व्होल्टेज येतं आणि रॅकला हात लावल्यावर झिणझिण्या जाणवतात.

बोर्डाकडे जाणाऱ्या कनेक्टरमध्ये १२ व्होल्टच्या आणि ग्राउंडच्या एकाहून जास्त वायर होत्या. त्या सगळ्या जोडल्या, म्हणजे एकाच पिनवर भार येत नाही. वायरच्या रंगावर न जाता कोणती पिन ग्राउंड ते मीटरने पाहिलं. बोर्ड जोडण्याआधी १२ व्होल्टचा एक बल्ब लावून सप्लाय चालवला आणि सप्लायवरच्या छोट्या स्क्रूने आउटपुट बरोबर १२ वर आणलं. आजही मोजलं तर आकडा तिथेच आहे.

तक्रारी आहेत. फेज-न्यूट्रलचे स्क्रू पेटीच्या आत राहतात, तरी त्यांच्यावर कव्हर हवंच. मूळ सप्लायसारखी नुसती पिन खोचून हे काम होत नाही. बराच वेळ द्यावा लागतो. वॉरंटीतल्या स्विचला तर हात लावूच नये. उष्णतेची भीती होती, ती खोटी ठरली: या सप्लायची क्षमता ५० अंशांच्या पुढे कमी धरावी लागते, पण एक तृतीयांश भारावर तो भर उन्हाळ्यातही हाताला कोमट लागायचा. स्विचचा पंखा मी होता तसाच ठेवला आहे.

पीओई स्विचसाठी, म्हणजे नेटवर्क केबलमधूनच कॅमेरा वगैरे यंत्रांना वीज देणाऱ्या स्विचसाठी, मात्र हा उपाय नाही. तिथे पोर्टांना साधारण ५४ व्होल्टचा वेगळा पुरवठा लागतो आणि त्याला चासीपासून (धातूच्या पेटीपासून) विद्युत पृथक्करण आवश्यक असतं. ८०२.३एएफ या पीओईच्या मानकाच्या हिशोबाने एका पोर्टाला १५.४ वॉट धरले तर २४ पोर्टांना जवळपास ३७० वॉट होतात. त्यासाठी त्या मॉडेलचाच सप्लाय शोधावा.